बस्तरची लाल चटणी आणि आपली तरुण मुले

बस्तर म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक चित्रकोटचा धबधबा आणि दुसरी वर्तमानपत्रातील बंदुकीची बातमी. परंतु तेथेही माणसे राहतात, शेती करतात, हाटबाजार करतात, मुलांना शिकवतात, मुलींची लग्ने करतात. अशाच एका लग्नाच्या निमित्ताने आम्हांस उन्हाळ्यात जगदलपूरला जाण्याचा योग आला. आमच्या विहारातील आम्ही आठजण होतो. तिघे वयस्क आणि पाच तरुण मुले-मुली. प्रवासात पाहिलेले पुष्कळ आहे, पण त्यातील एकाच विषयावर येथे लिहावयाचे आहे. तो विषय म्हणजे तेथील लाल मुंग्यांची चटणी आणि ती पाहून आपल्या व तेथील तरुणांच्या मनात काय आले ते.

नागपूरहून रायपूरपर्यंत रेल्वे. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग अशी ओळखीची स्टेशने मागे पडतात. रायपूरहून जगदलपूर सुमारे ३०० किलोमीटर. धमतरी, कांकेर झाले की केशकालचा घाट लागतो. घाट चढून वर गेले की हवा बदलते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सालवृक्षांचे रान सुरू होते. पुढे कोंडागाव आणि मग जगदलपूर. शहर इंद्रावती नदीच्या काठी वसलेले आहे. हीच इंद्रावती पुढे आपल्या गडचिरोली जिल्ह्याच्या कडेने वाहत जाऊन गोदावरीला मिळते. म्हणजे नदीने आपण शेजारीच आहोत. भाषेनेही फार लांब नाही. बस्तरच्या हाटात चालणारी हलबी बोली कानावर पडली की मधूनमधून मराठी शब्द ऐकू येतात. आमच्या बरोबरच्या मुलांना त्याचे मोठे नवल वाटले.

आमचे यजमान महारा समाजाचे. आपल्या वाचकांना या समाजाची एक हकिगत सांगण्यासारखी आहे. छत्तीसगडच्या अनुसूचित जातींच्या यादीत महार, मेहरा, मेहर ही नावे होती. परंतु ज्यांच्या जुन्या कागदावर 'महारा' किंवा 'महरा' असे लिहिलेले होते त्यांना जातीचा दाखला मिळत नसे. एका काना-मात्रेसाठी पोरांच्या शिष्यवृत्त्या अडल्या. शेवटी २०२३ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ही दोन्ही नावे यादीत घातली. कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाला एका अक्षराची किंमत ठाऊक असते. म्हणून ही गोष्ट ऐकताना आम्ही बराच वेळ गप्प बसलो.

हाटातील दोना

लग्न बौद्ध पद्धतीने, साधेपणाने पार पडले. दुसऱ्या दिवशी यजमानदादा आम्हांला जवळच्या गावच्या आठवडी हाटाला घेऊन गेले. बस्तरचा हाट म्हणजे केवळ खरेदी-विक्री नव्हे. दहा-वीस गावची माणसे तेथे भेटतात, सोयरिकी ठरतात, निरोप दिले-घेतले जातात. चिंच, मोहाची फुले, तेंदूची फळे, चारोळी, सुकी मासळी, मातीची मडकी, बांबूच्या टोपल्या. विकणाऱ्या बहुतेक बायाच.

एका झाडाखाली चार-पाच बाया पानांचे दोने मांडून बसल्या होत्या. प्रत्येक दोन्यात तांबूस रंगाचे काहीतरी आणि त्यात तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे. आमची भाची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती वाकून पाहू लागली आणि एकदम मागे सरली. "मामा, ह्या मुंग्या आहेत!"

होय, त्या मुंग्याच होत्या. तिकडे त्यांना 'चापडा' म्हणतात. पांढरे दाणे म्हणजे त्यांची अंडी आणि अळ्या. या लाल मुंग्या जमिनीत वारूळ करीत नाहीत. साल, आंबा, जांभूळ अशा झाडांवर हिरवी पाने एकमेकांजवळ ओढून त्यांचे घरटे करतात. पाने जोडण्यासाठी लागणारा रेशमी धागा त्यांच्या अळ्या काढतात. कामकरी मुंग्या अळीला तोंडात धरून सुईसारखी ह्या पानावरून त्या पानावर फिरवतात. शाळेत कोणी हे शिकवले नव्हते असे मुले म्हणाली. तेथील पोरांना मात्र ते शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक असते.

घरटे काढणे सोपे काम नाही. झाडावर चढावे लागते, फांदी तोडून घरटे टोपलीत किंवा कापडावर झटकावे लागते आणि तेवढ्या वेळात अंगभर मुंग्या चावतात. मग त्या उन्हात किंवा गरम पाण्यात मारून आणतात. घरी पाट्यावर हिरवी मिरची, लसूण, आले, कोथिंबीर व मीठ घालून वाटतात. चटणीला लिंबू-चिंच लागत नाही. मुंगीच्या अंगात जे फॉर्मिक आम्ल असते त्यानेच ती आंबट होते. भाताबरोबर किंवा पेजेबरोबर थोडीशी घेतात. आम्ही घेतलेला दोना वीस रुपयांचा होता.

ही केवळ बस्तरची गोष्ट नव्हे. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील माडिया बांधवही या मुंग्या खातात. ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यात हिला 'काई' चटणी म्हणतात आणि सिमिलिपालच्या काई चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे नागपूरच्या संत्र्याला जसा त्या मातीचा शिक्का आहे तसाच आता या चटणीला आहे. आसामात एरी रेशमाचे किडे कोशातून काढून शिजवून खातात आणि तेथे ते आवडीचे खाणे आहे.

पाच मुले, पाच मते

यजमानांच्या घरी वहिनींनी संध्याकाळी चटणी वाटली. बळजबरी कोणावर नव्हती. पाच तरुणांनी पाच तऱ्हा केल्या, त्या जशाच्या तशा सांगतो.

भाचीने ताट पुढे ओढले, पण घास तोंडाशी जाईना. डोळे मिटले तरी जाईना. दुसरी मुलगी बी.एड. करते. तिने बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाली, "लिंबाच्या लोणच्यासारखी लागते." तिसरा आमचा पुतण्या. हा रोज व्यायामशाळेत जातो आणि महिन्याला चांगले दोन-तीन हजार रुपये प्रथिनांच्या डब्यावर घालवतो. त्याने पोळीला लावून खाल्ली, पण आधी मोबाईल समोर उभा करून स्वतःचे चित्रण करायला विसरला नाही. चौथा मुलगा म्हणाला, "आपण एवढे शिकलो ते परत किडे-मुंग्या खाण्यासाठी का?" आणि पाचवा, जो विहारात दर रविवारी वंदना घेतो, त्याने शांतपणे विचारले, "काका, पहिल्या शीलाचे काय?"

किळस, चव, गंमत, लाज आणि शील. एका ताटाभोवती ह्या पाच गोष्टी जमल्या. यातील किळसेबद्दल आम्ही मुलीला काही बोललो नाही. ज्या गोष्टीची जिभेला लहानपणापासून सवय नाही ती गळ्याखाली उतरत नाही, त्यात तिचा अपराध नाही. पश्चिमेकडील देशांतही या विषयावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत आणि त्यांत हेच पुन्हापुन्हा दिसून आले की कीटक खाण्याच्या आड पैसा किंवा चव येण्याआधी किळस आणि अनोळखीपणा येतो. अख्खा किडा पाहिला की माणूस मागे हटतो, त्याचेच पीठ करून बिस्किटात घातले की तयार होतो.

पण पुतण्याला आम्ही एक प्रश्न विचारला. तुला सुकट आवडते ना? जवळा आवडतो ना? झिंग्याला किती पाय? दहा. मुंगीला सहा. दोघेही एकाच मोठ्या वर्गातले, सांध्यांच्या पायांचे प्राणी. चार पायांचा फरक पडल्याने एक 'मासळी' झाली आणि दुसरा 'किडा' झाला. यावर सगळे हसले आणि भाचीनेही एक कण चाखून पाहिला. पुढे मात्र गेली नाही.

एका विद्यार्थिनीची गोष्ट

त्याच संध्याकाळी शेजारच्या पाड्यातील एक मुरिया मुलगी आपल्या धाकट्या भावासह आली. ती एका शहरात नर्सिंगचे शिक्षण घेत आहे आणि तेथे वसतिगृहात राहते. आमची मुले तिच्या वयाची, त्यामुळे गप्पा रंगल्या. बोलता बोलता तिने जे सांगितले त्याने आमच्या पंगतीतील हसणे बंद झाले.

पहिल्या वर्षी सुट्टीहून परतताना तिच्या आईने डब्यात चापड्याची चटणी बांधून दिली. खोलीत जेवताना तिने डबा उघडला. खोलीतील मुलींनी विचारले, काय आहे? तिने खरे ते सांगितले. त्यानंतर एकीने आपले ताट उचलले आणि ती दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीचा पाण्याचा ग्लास वेगळा झाला. पुढे नावही पडले, 'मुंगीवाली'. "आणि दादा," ती आमच्यातील एका मुलाला म्हणाली, "जी पहिल्यांदा उठली ना, तिच्या खाटेच्या वर बाबासाहेबांचा फोटो होता. म्हणून मला जास्त वाईट वाटले. दुसऱ्या कुणाचे वाटले नसते."

आता ती वसतिगृहात चटणी नेत नाही. कोणी विचारले तर आमच्याकडे असे काही खात नाहीत म्हणून सांगते. घरी आली की मात्र आईजवळ बसून पोटभर खाते.

तिच्या भावाची गत निराळी. तो झाडावर चढतो, घरटे उतरवतो आणि शहरातून आलेल्या पाहुण्यांना दाखवतो. पाहुणे त्याचे चित्रण करतात, एखादी मुंगी जिभेवर ठेवून किंचाळतात, हसतात आणि त्याच्या हातावर शंभराची नोट ठेवून जातात. आम्ही त्याला विचारले, "बरे वाटते का?" तो म्हणाला, "पैसे मिळतात ते बरेच आहे. पण ते बघायला येतात, जेवायला येत नाहीत."

वाचकहो, सोळा-सतरा वर्षांच्या पोराचे हे बोलणे आहे. बहीण लाजेने खाणे लपवते आणि भाऊ त्याच खाण्याचा खेळ करून दाखवतो. दोघांच्याही ताटाकडे शहराने सरळ नजरेने पाहिलेले नाही.

जग काय म्हणते?

आणि गंमत अशी की ज्या खाण्याची या मुलीला लाज वाटायला लावली त्याकडे मोठमोठी राष्ट्रे आज आशेने पाहत आहेत. गॉर्डन रॅमसे या विलायतेतील नामांकित आचाऱ्याने २०१० साली प्रसारित झालेल्या आपल्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी बस्तरला येऊन ही चटणी चाखली. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने खाद्य कीटकांवर एक मोठा अहवाल काढला. त्यानुसार जगातील सुमारे २०० कोटी लोकांच्या नेहमीच्या आहारात कीटक असतात आणि खाल्ल्या जाणाऱ्या जातींची नोंद १,९०० हून अधिक आहे.

या मागचा हिशेब साधा आहे. त्याच अहवालाच्या आकड्यांप्रमाणे गुराचे वजन १ किलोने वाढवण्यास सुमारे ८ किलो खाद्य लागते. रातकिड्याचे वजन १ किलोने वाढवण्यास सुमारे २ किलो पुरते. शिवाय रातकिड्याचा सुमारे ८० टक्के भाग खाण्याजोगा असतो, गुराचा सुमारे ४० टक्के. पाणी कमी, जागा कमी, चारा कमी. वाढती लोकसंख्या, घटते रान आणि तापत चाललेली पृथ्वी पाहता हा जमाखर्च कोणालाही विचारात पाडील.

थायलंड हा बौद्ध देश. तेथे खोन केन विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांनी १९९८ साली शेतकऱ्यांना रातकिडे पाळण्याची रीत शिकवली. पुढे अशा पालनकेंद्रांची संख्या २०,००० च्या घरात गेली. युरोपीय संघाने २०२१ साली पिवळ्या पीठकिड्याच्या अळीला अन्न म्हणून पहिली परवानगी दिली आणि नंतर टोळ व रातकिडेही त्यात आले. सिंगापूरने जुलै २०२४ मध्ये १६ जातींच्या कीटकांना मान्यता दिली. आता या किड्यांचे पीठ, बिस्किटे, वड्या चकचकीत वेष्टनात विकल्या जातात.

पुतण्या म्हणाला, "काका, तसली वडी मिळाली तर मी घेईन." आम्ही विचारले, "मग ह्या वहिनींच्या पाट्यावरची का नको? व्हिडिओपुरतीच का?" त्याला उत्तर सुचले नाही. वेष्टनावर परदेशी अक्षरे असली की तेच खाणे 'पौष्टिक' होते आणि पानाच्या दोन्यात असले की 'जंगली' होते. हा न्याय आपण ओळखला पाहिजे, कारण तो आपल्या ओळखीचा आहे.

बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितले?

चौथ्या मुलाच्या प्रश्नाकडे आता येऊ. शिकलो ते परत किडे-मुंग्या खाण्यासाठी का, असे तो म्हणाला होता. त्याच्या मनात काय होते ते आम्ही जाणतो. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडण्यास सांगितले. आपल्या आज्या-पणज्यांनी ते मनावर घेतले. उपास काढले, मार खाल्ला, पण सोडले. त्या सोडण्यात आपली माणुसकी होती. त्यामुळे खाण्याच्या बाबतीत आपली मुले हळवी आहेत, हे समजण्यासारखे आहे.

पण त्यांनी काय सोडायला सांगितले हे नीट पाहिले पाहिजे. मेलेले ढोर ओढणे ही गावाने लादलेली सक्ती होती आणि ते मांस हा त्या सक्तीचा मोबदला होता. उष्टा तुकडा दुसऱ्याच्या दारात हात पसरून मिळत होता. बाबासाहेबांनी ती लाचारी सोडायला सांगितली. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की कोण काय खातो यावरून माणसांना वर-खाली बसवण्याची रीत कशी पडली आणि अस्पृश्यतेशी तिचा संबंध कसा आहे. ज्याने हा संबंध उघडा केला त्याच्या फोटोखाली बसून आपण दुसऱ्याचा ग्लास वेगळा करतो, हे कसे शोभेल?

मुरिया-माडियांची चटणी कोणी लादलेली नाही. ती कोणाच्या दारात मागून आणलेली नाही. स्वतःच्या रानातून, स्वतःच्या मेहनतीने, स्वतःच्या ज्ञानाने आणलेले ते अन्न आहे. ज्याला खायचे नाही त्याने खाऊ नये. पण त्या ताटाला कमी लेखण्याचा अधिकार आपणास नाही, इतरांना तर नाहीच नाही. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकाने मराठवाड्यातील आपल्या समाजाच्या स्वयंपाकाची हकिगत न लाजता मांडली. मुलांनी ते अवश्य वाचावे. आपल्या चुलीबद्दल आपण लाज सोडली, तर शेजाऱ्याच्या चुलीबद्दलही सोडली पाहिजे.

चित्रकोटच्या काठावर

पाचव्या मुलाचा प्रश्न सर्वांत अवघड होता. त्याची चर्चा आम्ही दुसऱ्या दिवशी चित्रकोटला केली. जगदलपूरपासून सुमारे ३८ किलोमीटरवर इंद्रावती एकदम सुमारे ९० फूट खाली उडी घेते. पावसाळ्यात ती नालासारख्या अर्धगोल कड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पाण्याने पसरते. उन्हाळ्यात धारा वेगवेगळ्या होतात, खडक उघडे पडतात आणि काठावर निवांत बसता येते.

तो म्हणाला, "प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील आपण घेतो. बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. एक बोकड कापला तर एक जीव जातो आणि पन्नास माणसे जेवतात. एका दोन्यात तर शेकडो जीव आहेत."

प्रश्न खोटा नव्हता. भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे हा वर्षावासाचा नियम झाला त्याचे एक कारण विनयात असेच दिले आहे, की फिरताना हिरवे गवत आणि बारीक जीव पायाखाली येतात म्हणून लोक नावे ठेवू लागले. म्हणजे लहान जीवाचा विचार धम्मात आहेच.

त्यावर आम्ही त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचे विवेचन करताना गरजेपोटी होणारी हिंसा आणि मारण्याच्या इच्छेने होणारी हिंसा यांत फरक केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, यांत्रिक नियम नव्हे. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळे ठेवते. पेजेबरोबर चमचाभर चटणी खाणारी आदिवासी माय आणि गंमत म्हणून जिवंत मुंगी जिभेवर ठेवून किंचाळणारा पाहुणा, या दोघांच्या मनातील हेतू एक नाही.

दुसरी गोष्ट आमच्या बी.एड.च्या मुलीनेच काढली. ती म्हणाली, "काल लग्नात किती कोशाच्या साड्या होत्या?" कोसा कसा होतो? कोशात किडा असतानाच तो कोश उकळतात. बस्तरच्या सालवनात होणारा रैली कोसा असो की आपल्याकडचा टसर, एका साडीसाठी कितीतरी जीव जातात. पहिले शील आपल्याला साडी नेसताना आठवत नाही, आदिवासीच्या ताटाकडे पाहिल्यावर आठवते. मुलगा थोडा वेळ नदीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मी खाणार नाही. पण दुसऱ्याला पापीही म्हणणार नाही." आम्हांला हे उत्तर आवडले. शील स्वतःसाठी घ्यायचे असते, दुसऱ्याला मोजण्यासाठी नव्हे.

दोन्याच्या मागचे रान

येथे एक इशारा देणे जरूर आहे. मुंगी खाणे पृथ्वीला फायद्याचे, असे सरसकट म्हणता येत नाही. रातकिडे पेटीत पाळले जातात. बस्तरची मुंगी रानातून येते. शहरातून मागणी वाढली आणि प्रत्येक झाडावरचे प्रत्येक घरटे उतरवले गेले तर पुढच्या वर्षी काय? या मुंग्यांची एक वसाहत अनेक घरट्यांत पसरलेली असते. हाटातील एक म्हातारी आम्हांला म्हणाली, "सगळे काढायचे नसते. झाडाला राहू द्यायचे असते." या मुंग्या झाडावरील इतर किडींचा फडशा पाडतात, म्हणून त्या झाडालाही हव्या असतात. आणि झाडच तुटले तर चटणी कोठून येणार? २००६ च्या वनहक्क कायद्याने मध, लाख, कोसा, तेंदू अशा गौण वनोपजावर रानात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला आहे. टिकाऊ अन्नाची गोष्ट करायची तर रान कोणाच्या हाती राहणार, हे आधी पाहावे लागेल. वडीचा कारखाना शहरात आणि मुंग्या चावून घेणारा पाड्यावर, असे व्हायला नको.

आरोग्याच्या दृष्टीनेही दोन शब्द. कीटकांत प्रथिने असतात, लोह व जस्तही असते. परंतु ज्यांना झिंगे किंवा खेकडे खाल्ल्यावर अंगावर पित्त उठते त्यांनी कीटक खाऊ नयेत, कारण तसाच त्रास होण्याचा धोका असतो. औषध फवारलेल्या शेतातील किडे कधीही खाऊ नयेत. चटणीने ताप उतरतो असे तिकडे सांगतात. त्यावर विसंबून दवाखाना चुकवू नये. २०२१ साली ही चटणी कोरोनावर उपाय म्हणून वापरावी अशी याचिका झाली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. अन्नाला अन्न म्हणून मान द्यावा, त्याला देव्हाऱ्यात बसवू नये आणि औषधाच्या बाटलीतही भरू नये.

वाचकांना विनंती

आपली मुले आता शिक्षणासाठी लांब जातात. नागपूर, पुणे, मुंबई, रायपूर, दिल्ली. वसतिगृहाच्या एका खोलीत चार प्रांतांचे डबे उघडतात. कोणाच्या डब्यात सुकट असेल, कोणाच्या वजडी, कोणाच्या मुंग्यांची चटणी, कोणाच्या नुसताच दही-भात. माता-भगिनींना आमची विनंती आहे की मुलांना निरोप देताना जशा पुस्तकांच्या, पैशांच्या, तब्येतीच्या चार गोष्टी सांगता, तशी ही पाचवीही सांगा: कोणी काय खाते म्हणून ताट उचलून दूर बसू नकोस आणि तुझ्या डब्यावरून कोणी दूर बसला तर मान खाली घालू नकोस. वास सोसला नाही तर तसे गोडीने सांगता येते. ग्लास वेगळा करावा लागत नाही.

तरुण मित्रांना एवढेच सांगणे. कीटक खाणे हे उद्याचे अन्न होईल की नाही, ते शास्त्रज्ञ आणि बाजार ठरवतील. तुम्ही खा किंवा खाऊ नका. पण बस्तरला किंवा भामरागडला गेलात तर नुसते चित्रण करून येऊ नका. कोणी बोलावले तर त्यांच्या ओसरीवर बसा, पेज प्या, घरटे कसे काढतात ते विचारा, झाडावर किती ठेवतात तेही विचारा.

ती नर्सिंगची विद्यार्थिनी आता शेवटच्या वर्षाला आहे. निघताना आमच्या भाचीने तिचा पत्ता घेतला आणि नागपूरला घरी येण्याचे आमंत्रण दिले. "येताना आईच्या हातची चटणी आण," ती म्हणाली. "मला खाता येईल की नाही ते सांगत नाही. पण आमच्या ताटांबरोबर तुझेही ताट मांडू."

जयभीम!